तुर्काच्या पेटीत कोण?

१६/६४ या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्यायला सांगितले, की वर्गातला एखादा विद्यार्थी वरचा ६ आणि खालचा ६ खोडतो आणि १/४ लिहून मोकळा होतो. उत्तर बरोबर आहे. आता गुण किती द्यायचे? पूर्ण द्यावेत तर उद्या तोच मुलगा १३/३४ मधले दोन्ही ३ खोडून पुन्हा १/४ लिहील. शून्य द्यावेत तर तो उत्तरावर बोट ठेवून विचारील, "सर, यात चूक काय आहे?"

हीच अडचण आम्हाला अलीकडे एका फार मोठ्या लेखकाची 'उत्तरपत्रिका' वाचताना आली. लेखक म्हणजे अमेरिकन कथाकार एडगर अ‍ॅलन पो. एप्रिल १८३६ मध्ये 'सदर्न लिटररी मेसेंजर' या रिचमंडहून निघणाऱ्या मासिकात त्यांनी 'मेल्झेलचा बुद्धिबळपटू' नावाचा लेख लिहिला. बुद्धिबळ खेळणारे एक प्रसिद्ध यंत्र हे यंत्र नसून त्यात माणूस लपलेला आहे, असे त्यांनी त्यात सिद्ध केले, किंवा सिद्ध केल्याचा दावा केला. माणूस खरोखरच लपलेला होता. त्यामुळे तर्कशुद्ध विचाराचा नमुना म्हणून आणि पुढे त्यांनी लिहिलेल्या गुप्तहेरकथांची नांदी म्हणून या लेखाची फार वाखाणणी होते. आम्ही काही शिक्षकांनी तो एकत्र बसून, हातात लाल पेन्सिल घेऊन वाचला. आमचे मत थोडे वेगळे झाले.

आधी त्या यंत्राविषयी. वोल्फगांग फॉन केम्पेलेन हा हंगेरीचा दरबारी अधिकारी. सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या दरबारात एका फ्रेंच माणसाने चुंबकाचे चमत्कार दाखवले, तेव्हा याहून आश्चर्यकारक वस्तू आपण करून दाखवू, असे तो म्हणाला. १७७० मध्ये व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यात त्याने ती दाखवली. साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच अशी लाकडी पेटी. तिच्यामागे तुर्की वेशातला, पागोटे घातलेला पुरुषभर उंचीचा पुतळा. पुढ्यात बुद्धिबळाचा पट. खेळ सुरू होण्यापूर्वी पेटीची दारे एकामागून एक उघडून आत मेणबत्ती धरून दाखवली जाई. चाके, दट्टे, दांडे दिसत. मग दारे बंद, चावी दिली जाई, आणि तुर्क डाव्या हाताने सोंगटी उचलून चाल करी. १७८३ मध्ये पॅरिसला त्याने बेंजामिन फ्रँकलिनशी डाव खेळला. त्याच शहरात फिलिदोर या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूकडून तो हरला. १८०४ मध्ये केम्पेलेन वारल्यावर तुर्क मेल्झेलच्या हाती आला. संगीताची लय मोजण्याच्या मेट्रोनोम या साधनाशी ज्याचे नाव जोडले जाते, तोच हा मेल्झेल. १८२६ मध्ये त्याने तुर्काला अमेरिकेत नेले आणि तिथे पो यांनी तो पाहिला.

(या केम्पेलेनने माणसासारखे स्वर आणि शब्द काढणारे एक बोलणारे यंत्रही बनवले होते. भाता, कंप पावणारी पट्टी आणि हाताने दाबायची नळी असे त्याचे प्रामाणिक स्वरूप होते आणि १७९१ मध्ये त्यावर त्याने सविस्तर पुस्तक लिहिले. ध्वनिशास्त्राला त्याचा खरा उपयोग झाला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो तुर्क.)

मराठीत अशा पुतळ्याला काय म्हणावे? 'कळसूत्री बाहुली' हा शब्द चटकन सुचतो. पण त्यात एक गंमत आहे. कळ म्हणजे आतली यंत्रयुक्ती आणि सूत्र म्हणजे कुणीतरी ओढायची दोरी. तुर्काचे जे सोंग होते ते आणि तो प्रत्यक्षात जे होता ते, अशी दोन्ही या एकाच शब्दात मावतात. या लेखापुरते तरी आम्ही स्वतःच्या बळावर चालणाऱ्या पुतळ्याला 'स्वयंचलित' आणि माणसाने लपून चालवलेल्याला 'कळसूत्री' म्हणणार आहोत.

पो यांचा लेख सुरू होतो तो इतर प्रसिद्ध स्वयंचलित यंत्रांच्या यादीने. चौदाव्या लुईसाठी कामूने केलेली छोटी घोडागाडी, मायार्देचा जादूगार, वोकॉन्सोंचे बदक आणि शेवटी बॅबेज यांचे गणितयंत्र. यातली बहुतेक माहिती डेव्हिड ब्रूस्टर यांच्या १८३२ च्या पुस्तकातून घेतलेली आहे. आमची पहिली लाल खूण पडली ती बदकावर. वोकॉन्सोंचे बदक दाणे टिपी, गिळी आणि ते पचवी, असे पो ब्रूस्टरच्या हवाल्याने निःशंकपणे लिहितात. पण बदक काही पचवत नव्हते. गिळलेले दाणे एका ठिकाणी साठत आणि मागून बाहेर पडणारा लगदा आधीच भरून ठेवलेला असे. तुर्काच्या पेटीत माणूस आहे का, हे शोधायला निघालेले पो बदकाच्या पोटाशी मात्र थांबले नाहीत.

वोकॉन्सों हा निव्वळ भोंदू होता असे मात्र कुणी समजू नये. १७३८ मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलेला बासरीवादक पूर्णपणे खरा होता. भात्यांतून हवा येई, ओठ पुढेमागे होत, जीभ हवेचा झोत अडवी, बोटे छिद्रे झाकत आणि खऱ्या बासरीतून बारा धून वाजत. एकाच कारागिराच्या दुकानात एक वस्तू खरी आणि दुसरी अर्धी खोटी. म्हणूनच माणसाची कीर्ती हा पुरावा धरता येत नाही.

आता लेखाचा गाभा. पो यांचे म्हणणे असे. गणितयंत्र समजू शकते, कारण गणितात एका पायरीनंतर पुढची पायरी ठरलेलीच असते. बुद्धिबळात तसे नाही. एका चालीनंतर दुसरी कोणती येईल हे समोरच्याच्या मनावर आहे. म्हणून बुद्धिबळ खेळायला मन लागते. इथवर वाचताना आम्हीही माना डोलावत होतो. आपल्या भाषेत तर त्या खेळाचे नावच 'बुद्धिबळ' आहे, तेव्हा यंत्राचा तिथे काय संबंध, असे वाटणारच.

पण इथेच घोटाळा आहे. समोरचा कोणती चाल करील हे यंत्राला आधी माहीत नसले, तरी ती झाल्यावर काय करायचे याचा नियम असू शकतो. पो यांनी ज्यांचे उदाहरण दिले त्या चार्ल्स बॅबेज यांनीच याचे उत्तर दिले. बॅबेज १८२० मध्ये लंडनला स्वतः तुर्काशी खेळून हरले होते. १८६४ च्या आत्मचरित्रात ते लिहितात, की कौशल्याचा कोणताही खेळ यंत्राला खेळता आला पाहिजे. प्रत्येक चालीला यंत्राने ठरावीक प्रश्न विचारायचे: ही मांडणी नियमाला धरून आहे का? मी हरलो आहे का? जिंकलो आहे का? पुढच्या चालीत जिंकता येईल का? समोरचा जिंकणार असेल तर अडवता येईल का? हे प्रश्न फळ्यावर लिहून फुली-गोळ्याचा डाव खेळून पाहावा. मन लागते ते प्रश्न ठरवताना. एकदा ठरले की पाचवीतला मुलगाही डोळे मिटून ते पाळू शकतो.

१९१२ मध्ये स्पेनच्या लिओनार्दो तोर्रेस केवेदो यांनी ही गोष्ट प्रत्यक्ष करून दाखवली. त्यांच्या यंत्राकडे पांढरा राजा आणि हत्ती, माणसाकडे नुसता काळा राजा. काळा राजा कोणत्या घरात आहे हे विजेच्या जोडण्यांवरून यंत्राला कळे, आणि आतल्या रचनेप्रमाणे ते हत्ती किंवा राजा हलवी. कोणत्याही मांडणीतून शेवटी मात होई, अगदी कमीत कमी चालींत नसली तरी. माणसाने नियमबाह्य चाल केली तर यंत्र ते दाखवी आणि तिसऱ्यांदा तसे झाले की खेळायचे थांबे. आत कुणीही बसलेले नव्हते.

दुसरी आणि आमच्या मते सर्वांत मोठी चूक पुढे येते. तुर्क नेहमी जिंकत नाही, कधीकधी हरतो; हा स्वयंचलित यंत्र असता तर नेहमी जिंकला असता; म्हणून हे यंत्र नव्हे. एकदा यंत्राला खेळायला लावण्याचे तत्त्व सापडले, की तेच वाढवून एक डाव जिंकता येईल आणि आणखी वाढवून सगळे डाव जिंकता येतील, असे पो म्हणतात. वरवर ठाशीव वाटणारे हे वाक्य १३/३४ मधले ३ खोडण्यासारखे आहे. यंत्र नियम पाळते. नियम अपुरा असेल तर ते मुकाट्याने, चुकत चुकतही पाळते. १९५२ मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग यांनी बुद्धिबळाचा आपला कार्यक्रम संगणकाअभावी हाताने, कागदावर चालवला आणि ते तो डाव हरले. 'डीप ब्लू' हा संगणक फेब्रुवारी १९९६ मध्ये कास्पारोव्हशी झालेला सामना हरला आणि मे १९९७ मध्ये जिंकला. पो यांच्या कसोटीने १९९६ च्या 'डीप ब्लू'च्या पेटीत माणूस असायला हवा होता आणि १९९७ च्या पेटीत नको.

या चुकीवर आम्ही इतके का रेंगाळतो, याचे कारण आहे. यंत्र कधी चुकत नाही, ही पो यांची समजूत आपल्या वर्गात आजही ठाण मांडून बसली आहे. फक्त तिची दिशा उलटली आहे. पो म्हणाले, चुकले म्हणजे यंत्र नव्हे. आमचे विद्यार्थी म्हणतात, यंत्राने सांगितले म्हणजे चुकलेले नाही. गणकयंत्राची कळ चुकून दाबली गेल्यामुळे शाळेच्या हौदात ४,००० ऐवजी ४०,००,००० लिटर पाणी मावते असे उत्तर आले, तरी वहीत ते निमूटपणे उतरवले जाते. संगणकाने लिहून दिलेल्या उत्तराबाबत तर विचारायलाच नको.

ही समजूत घालवायला व्याख्यानाचा उपयोग होत नाही. डोनाल्ड मिची या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये ३०४ काडेपेट्या आणि रंगीत मणी यांपासून फुली-गोळा खेळायला 'शिकणारे' यंत्र केले. पटाच्या प्रत्येक मांडणीला एक पेटी, पेटीत प्रत्येक शक्य चालीच्या रंगाचे मणी. न बघता मणी काढायचा, त्या रंगाची चाल करायची. डाव हरला तर वापरलेले मणी काढून टाकायचे. जिंकला तर त्याच रंगाचे आणखी घालायचे. ३०४ पेट्या जमवणे अवघड. पण मार्टिन गार्डनर यांनी १९६२ मध्ये याच कल्पनेवर नऊ घरांचा पट आणि प्रत्येकी तीन प्यादी असा छोटा खेळ सुचवला, त्याला २४ पेट्या पुरतात. आमच्यातल्या एकाने तो आठवीच्या वर्गात केला. पहिल्या तासाला काडेपेट्या सारख्या हरत होत्या आणि मुले खूष होती. दुसऱ्या दिवशी त्याच पेट्यांनी वर्गातल्या हुशार मुलीला लागोपाठ हरवले, तेव्हा एकाने खरोखरच पेटी उलटी करून आत पाहिले. हरणारे यंत्र आणि जिंकणारे यंत्र एकच होते.

पो यांच्या सतरा मुद्द्यांतले सगळेच असे कच्चे नाहीत. दुसरा मुद्दा वाचून तर आम्ही थबकलो. तुर्क हात हलवण्याच्या सुमारे दोन सेकंद आधी त्याच्या डाव्या खांद्याखालचे कापड हलते, असे त्यांनी टिपले. खेळणारा पाहुणा वेगळ्या टेबलावर, वेगळ्या पटाशी बसे आणि त्याची चाल मेल्झेल तुर्कासमोरच्या पटावर करी. पो सांगतात: पाहुण्याने चाल करावी, मेल्झेलने ती तुर्काच्या पटावर करू द्यावी, मग खांद्यावर लक्ष ठेवावे आणि कापड हलताच, हात उचलला जाण्यापूर्वी, आपली चाल मागे घ्यावी. मेल्झेलने अजून काहीच केलेले नसतानाही तुर्काचा हात उचलला जात नाही, असे दिसेल. म्हणजे पाहुण्याचा पट पाहणारे कुणीतरी आहे, आणि तो मेल्झेल नव्हे.

प्रयोगाची रचना पाहा. एकच गोष्ट बदलली, बाकी सगळे तसेच ठेवले आणि निष्कर्ष काढला. अशी रचना आपल्या प्रयोगवह्यांत किती वेळा आढळते? आम्ही इथे पूर्ण गुण लिहिलेही. पण मग पेटीची खरी रचना आठवली आणि पेन्सिल अडखळली. आतला माणूस पेटीतच बसे. तुर्काच्या पटावरील सोंगट्यांत चुंबक असत आणि प्रत्येक घराखाली टांगलेला लोखंडाचा तुकडा सोंगटी उचलली की खाली येई, ठेवली की वर ओढला जाई. यावरून त्याला चाली कळत. समोरच्या टेबलावर पाहुण्याने काय मागे घेतले, हे त्याला या व्यवस्थेतून दिसण्याचा मार्गच नव्हता. लेख पुन्हा वाचला. 'असे करावे, मग असे दिसेल', अशीच भाषा आहे. 'आम्ही असे केले' असे वाक्य तिथे नाही. न केलेल्या प्रयोगाचे नीटनेटके निरीक्षण कसे असते, हे वहीतपासणी करणाऱ्याला सांगायला नको. (पो स्वतःचा उल्लेख 'आम्ही' असाच करतात. या बाबतीत आम्हाला त्यांना बोलायला जागा नाही.)

तुर्क डाव्या हाताने का खेळतो, यावर पो यांचे उत्तर असेच चतुर आहे. आतला माणूस वर सरकून पुतळ्याच्या पोकळ छातीत बसतो आणि आपला उजवा हात छातीपुढून नेऊन पुतळ्याचा डावा हात चालवतो. हेही खरे नव्हते. तो खालीच राही आणि दांड्यांच्या एका जोडणीने, नकाशा लहानमोठा करायच्या साधनासारख्या, वरचा हात चालवी. पेटीची दारे उघडली जात तेव्हा तो सरकत्या बैठकीवरून इकडून तिकडे होई. उजेडाला मेणबत्ती असे आणि तिचा धूर पुतळ्यातून वर जाई.

याच्या उलट एक मुद्दा आम्हाला निर्विवाद वाटतो, आणि तो पो यांचा नाही. १८२१ मध्ये रॉबर्ट विलिस या तरुणाने, जो पुढे केंब्रिजला प्राध्यापक झाला, एक पुस्तिका लिहिली. त्याने चावीकडे लक्ष दिले. एकदा साठहून अधिक चाली झाल्या तरी चावी दिली गेली नाही. एकदा मध्ये एकही चाल झालेली नसताना दिली गेली. स्प्रिंगवर चालणारे यंत्र जितके काम करील तितकी त्याची चावी उतरली पाहिजे. इथे कामाचा आणि चावीचा संबंधच नाही; म्हणून हाताला बळ स्प्रिंगमधून येत नाही. यात मन, बुद्धी, हार-जीत काही नाही. नववीच्या ऊर्जेच्या धड्याला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. माणूस पुतळ्याच्या अंगात शिरतो हा तर्क विलिसचाच आणि तो चुकला. पण चावीचा मुद्दा त्या तर्कावर उभा नाही.

आणि पो यांचा एक मुद्दा, जो त्यांनी यादीत खूप खाली टाकला आहे. मेल्झेलबरोबर श्लुम्बेर्गर नावाचा एक मदतनीस सगळीकडे फिरे. सामानाची बांधाबांध याखेरीज त्याला उघड काम नव्हते. तुर्क खेळत असताना तो कधीही दिसत नसे. आधी आणि नंतर दिसे. रिचमंडच्या मुक्कामात तो आजारी पडला आणि त्या काळात तुर्काचे खेळ बंद राहिले. एवढेच. यात मोठे तत्त्व नाही, प्रयोग नाही, फक्त डोळे उघडे ठेवून केलेली नोंद आहे, आणि आतला माणूस तोच होता. १८३८ मध्ये हवानाला श्लुम्बेर्गर पीतज्वराने गेला. त्याच वर्षी परतीच्या जहाजावर मेल्झेलही वारला. तुर्क फिलाडेल्फियाच्या एका संग्रहालयात धूळ खात राहिला, आणि ५ जुलै १८५४ च्या आगीत जळाला. शेवटच्या मालकांच्या मुलाने १८५७ मध्ये आतली सगळी रचना छापून टाकली.

आता गुण. आमच्यापैकी दोघांचे म्हणणे, उत्तर बरोबर आहे आणि १८३६ मध्ये संगणक नव्हता, तेव्हा ७ द्यावेत. एकाने २ च्या वर जायला नकार दिला; न केलेल्या प्रयोगाला त्याची वहीतही माफी नाही. शेवटी १० पैकी ४ वर तडजोड झाली. मात्र आमच्यातल्या विज्ञानाच्या एका बाई अजून सही करायला तयार नाहीत. श्लुम्बेर्गरच्या आजारपणाच्या नोंदीला एकटीलाच ५ गुण आहेत, असे त्या म्हणतात आणि उत्तरपत्रिका फेरतपासणीला मागत आहेत.